हळद डोळ्यांत चढत नाही

सकाळी आठच्या सुमारास रावपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पूर्वेकडच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत उतरते. माघात ती पाचव्या लादीपर्यंत येत होती, आता चैत्रात तिसऱ्या लादीवरच थांबते. मी मोजले आहे, कारण मोजणे हा माझा स्वभाव आहे आणि चरितार्थही. त्या पट्टीत वैशाली, माझी बायको, आपले हात धरून बसते. आधी तळवे वर, मग पालथे, मग दहाही बोटे किंचित वाकवून नखे उजेडाकडे, जशी एखादी बाई रेशीम विकत घेण्याआधी ते उन्हात धरून त्याचा खरा रंग पाहते. घरात तेव्हा खालून जाणाऱ्या स्कूटरींचा आवाज असतो आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, जी आता मी लावतो. पाहून झाले की ती हात मांडीवर ठेवते, आणि तिच्या चेहऱ्यावर नुकतेच वाचून मिटलेल्या पुस्तकाची शांतता येते. ती शांतता मला सहन होत नाही.

सयाजीगंजात एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात तिने चोवीस वर्षे केसपेपर लिहिले. डॉक्टर पाहत आणि बोलत, ती लिहून घेई. कुठे डाग, केवढा, कडा कशा, रंग कोणता, खाज आहे की नाही. वैद्यकाचे एक पानही ती शिकली नव्हती, पण रोज तीस-पस्तीस माणसांच्या कातडीचे वर्णन लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांना एक लिपी येऊ लागली. मानेच्या मागे चढलेली काळपट मखमल, बाहेरच्या टोकाशी विरळ झालेली भुवई, पापणीच्या आतल्या कोपऱ्यात लोण्याच्या कणासारखा पिवळट उंचवटा, टोकाशी फुगून गोल झालेली बोटे, आणि एखादा फिकट चट्टा, ज्यावर कापसाचा धागा फिरवला तरी माणसाला काही कळत नाही. ही सगळी तिला अक्षरे होती. माणूस तोंडाने काहीही सांगो, म्हणे ती, कातडीला खोटे बोलता येत नाही.

तिचे पाहणे आगाऊ नव्हते. ती नजर रोखत नसे. झाडाखालून चालताना आपण पानांकडे पाहतो तशी, वरवर, न थांबता पाहत असे आणि तरी काहीही सुटत नसे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला एकदा तिने मेथी निवडता निवडता गुजरातीत म्हटले, "बेन, तमारा नख बतावो ने."

बाई खळखळून हसली. "केम बेन, बंगडी पहेरावशो?"

बांगड्या नव्हत्या भरायच्या. वैशालीने तिचा हात आपल्या हातात घेतला, भाजीवर शिंपडायच्या पाण्याचा एक थेंब बोटावर घेऊन त्या बाईच्या अंगठ्याच्या नखावर सोडला, आणि तो थेंब ओघळलाच नाही. चमच्यात बसावा तसा नखाच्या खोलगटात बसून राहिला. "लोही तपासावी लो," रक्त तपासून घ्या, एवढेच ती म्हणाली. दोन महिन्यांनी त्या बाईच्या गालांवर रंग आला आणि आमच्या कोथिंबिरीच्या जुडीवरही.

लग्नसमारंभातून परतताना स्कूटरवर मागे बसून ती माझ्या कानाशी आपली यादी सांगे. त्या निळ्या सदऱ्यातल्या काकांची मान पाहिलीत का, साखर असणार. वरमाईच्या भुवया पाहिल्यात का, थायरॉइड. मी वैतागून म्हणायचो, "तुला बायकांचे दागिने दिसत नाहीत का गं, इतरांसारखे?" आणि ती म्हणायची, "दिसतात की. पण दागिन्यांखालचं आधी दिसतं."

मी शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्यात नियंत्रण कक्षात आहे. दर दोन तासांनी तापमान, दाब, प्रवाह यांची नोंद करणे, आणि आकडा ठरल्या मर्यादेबाहेर पाऊलभर गेला तरी लगेच फोन उचलणे, हे माझे एकतीस वर्षांचे काम. रंगावर माझा विश्वास नाही. रंग संध्याकाळी वेगळा दिसतो, ट्यूबलाइटखाली वेगळा. मला आकडा लागतो, तिला रंग. आमच्या संसारात यावरून पुष्कळ थट्टा झाली आणि भांडण एकही नाही. ती दुधाचा रंग पाहून ते नासणार हे सांगे, मी डब्यावरची तारीख पाही; आणि बहुतेक वेळा, हे मी आता लिहून ठेवतो, तिचेच खरे निघे.

हळदीबद्दल ती एक वाक्य नेहमी सांगे. लग्नसराईत दवाखान्यात घाबरलेल्या आया येत: पोरगी पिवळी दिसते, कावीळ तर नाही? वैशाली त्यांना बाकावर बसवून हसत म्हणे, "हळद कातडीला लागते, डोळ्यांत चढत नाही. बुबुळाभोवतीचं पांढरं पांढरंच असेल तर खुशाल लाडू करायला घ्या." हे वाक्य मी निदान वीस वेळा ऐकले असेन. वीस हा आकडा कमीच आहे.

या माघात आमच्या सईचे लग्न झाले. मुलाकडचे डभोईचे, मराठीच, तीन पिढ्यांपूर्वी इकडे आलेले; मुलगा आणि सई दोघेही नोकरीला बंगळुरात. उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, संपले, गच्च्यांवरचा मांजा गोळा झाला, आणि घरात लग्नाची लगबग सुरू झाली. त्याच सुमारास वैशाली दंड खाजवू लागली. दिवसा पदराखालून, रात्री झोपेत. मी म्हणालो, नव्या चादरींचा स्टार्च असेल. चादरी दोनदा धुतल्या. ती "असेल" म्हणाली. ज्या बाईने चोवीस वर्षे खाजेची कारणे लिहून घेतली, ती माझ्या स्टार्चला "असेल" म्हणाली, आणि मला त्यात काही वेगळे वाटले नाही.

मग तिची नखे चमकू लागली. खरोखर चमकू लागली; गुळगुळीत, काचेसारखी, खिडकीतला उजेड त्यांत लहान होऊन दिसावा अशी. मी कौतुकाने म्हणालो, "वा! विहीणबाई पार्लरला जाऊन आल्या वाटतं." तिने बोटे पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि लाजल्यासारखे हसून म्हणाली, "तुमच्या लक्षात आलं म्हणजे झालंच!" आता मला माहीत आहे की रात्रंदिवस खाजवणाऱ्या माणसाची नखे स्वतःच्याच कातडीवर घासून घासून अशी लकाकतात. तेव्हा तिला ते माहीत होते. मी तिच्या दुखण्याच्या पुराव्याला दाद दिली आणि तिने ती दाद स्वीकारली.

हळदीच्या चार दिवस आधी तिने गडद काळा चष्मा चढवला. "डोळे आलेत," ती म्हणाली, "जवळ येऊ नका, आणि डोळ्यांत तर बघूच नका, लागण होते." आमच्याकडे ही समजूत पक्की आहे, आणि तिला ती पक्की आहे हेही ठाऊक होते. लग्नघरात कुणाला डोळे येऊन चालणार नव्हते, म्हणून सगळ्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहणे सोडले. माझा पुतण्या तिला चिडवत फिरायचा, "काकू, हिरॉईनचं मानधन किती घेतलंत?" आणि ती हात उडवून म्हणायची, "तुझ्या लग्नात दुप्पट घेईन, जा!"

डभोईहून नवऱ्यामुलाची उष्टी हळद स्टीलच्या डब्यातून आली. पाच सवाष्णींनी सईला हळद लावली, आणि मग बायकांनी एकमेकींना. गालांना, दंडांना, पावलांना. वैशाली त्या दिवशी दोन्ही हातांनी हळद घेत होती. स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत, गळ्याला, कपाळाला. सगळ्या बायका हसत होत्या. माझी वहिनी मोठ्याने म्हणाली, "अगंबाई, नवरीपेक्षा नवरीची आईच पिवळी!" अंगणातले सगळे हसले. मीही हसलो. माझे हसू त्या दिवसाच्या व्हिडिओत आहे. कॅमेऱ्याच्या जवळ उभा असल्यामुळे सगळ्यांत स्पष्ट तेच ऐकू येते.

लग्न झाले. पाठवणीच्या वेळी सईने आईला मिठी मारली तेव्हा वैशालीने चष्मा काढला नाही. फक्त हाताने मुलीचे डोके आपल्या खांद्यावर, मानेच्या पलीकडे दाबून धरले, असे की मुलीला आईचा चेहरा दिसू नये. पाचव्या दिवशी सई आणि जावई बंगळुरास गेले. सहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता तिने मला खिडकीशी बोलावले.

"इकडे या. उन्हाकडे पाठ करू नका, सावली पडते. खालची पापणी अंगठ्यानं ओढा. आता मला वर बघायला सांगा."

मी म्हणालो, "वर बघ."

तिने वर पाहिले. पांढरे जिथे असायला हवे तिथे जुन्या हस्तिदंतासारखा, नाही, इतके सुंदर शब्द मला वापरायचे नाहीत, तिथे पिवळे होते. नुसते पिवळे. अंगावरची हळद केव्हाच धुतली गेली होती, आणि त्या सकाळच्या स्वच्छ उजेडात तिचा गळा, दंड, तळवे सगळे त्याच एका रंगाचे होते.

"कधीपासून?"

"उत्तरायणानंतर चार-पाच दिवसांनी डोळ्यांत दिसलं."

मी लगेच मोजले. सत्तावीस दिवस.

"तुला कळलं होतं?"

"रंग कळला होता. नाव माहीत नव्हतं." माझा अंगठा पापणीवरून बाजूला करत ती म्हणाली, "दुखत नव्हतं ना. न दुखणारी कावीळ चांगली नसते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी तपासायला नेलं असतं, आणि सईनं मुहूर्त मोडला असता."

मला ओरडायचे होते. मी ओरडलो नाही, कारण कुणावर ओरडायचे हे मला ठरवता येईना. तिने लपवले होते, पण तिने ते माझ्यासमोर लपवले होते, एका हाताच्या अंतरावर, सत्तावीस रात्री. कारखान्याच्या दाबमापकाचा काटा पाव रेघ सरकला तर मला झोपेतून उठवतात. आणि इथे एका माणसाचा रंग बदलत होता, आणि मी दर दोन तासांनी तर सोडाच, दिवसातून एकदाही नोंद घेतली नव्हती. कदाचित, आणि हे लिहिताना पेन थांबतो, ती वाट पाहत होती की मला आपोआप दिसेल. तिच्या "तुमच्या लक्षात आलं म्हणजे झालंच" या वाक्यात थट्टा किती होती आणि आर्जव किती, हे मी रोज नव्याने तपासतो, आणि रोज उत्तर वेगळे येते.

पुढचे आकड्यांतच सांगतो. ते मला जमते. पहिली बिलिरुबिनची तपासणी, म्हणजे रक्तात कावीळ किती ते मोजणारी, चौदा पॉइंट दोन. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ, पित्ताची वाट दाबलेली. तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी त्या वाटेत एक बारीक नळी बसवली आणि सांगितले, आकडा पाचाच्या खाली आला की शस्त्रक्रियेचे बघू, तोवर पोट उघडता येणार नाही. मी विचारले, सत्तावीस दिवस आधी आलो असतो तर? त्यांनी हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "सांगता येत नाही." मी इतकी वर्षे आकड्यांशी राहिलो आहे, सांगता न येणाऱ्या आकड्यापुढे माणूस किती उघडा पडतो हे मला माहीत नव्हते.

सई धावत आली, पंधरा दिवस राहिली, आईशी भांडली, आईच्या कुशीत रडली, आणि रजा संपल्यावर आईनेच तिला बॅग भरून दिली.

अकरा पॉइंट सहा. नऊ पॉइंट आठ. आठ पॉइंट एक. फाल्गुन उतरत होता, आणि तिचा रंगही. त्या दिवसांत आमच्या घरात दोन प्रयोगशाळा होत्या. दर चौथ्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन जिना चढायचो, आणि ती खिडकीतून हात न काढता विचारायची, "आठाच्या आसपास?" एकदाही अर्ध्या अंकाहून जास्त चुकली नाही. सात पॉइंट चार आला त्या दिवशी मी येताना सेव-उसळ घेऊन आलो, आणि तिने त्यातले चार चमचे खाल्ले. चार. मी त्या संध्याकाळी सूरसागराच्या कठड्याशी एकटा जाऊन उभा राहिलो आणि पाण्याकडे पाहून निर्लज्जासारखा आनंदलो.

मग चैत्र आला. कडुलिंबाच्या मोहराचा कडवट गोड वास संध्याकाळी घरात भरू लागला. शेजारच्या बायका चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे सांगायला आल्या; वैशाली जिना उतरू शकत नव्हती म्हणून त्यांनी डाळ आणि पन्हे वरच आणले. त्यांच्यातल्या एकीने करंड्यात बोट बुडवले, हळद घेतली, आणि वैशालीच्या कपाळाशी नेऊन तिचा हात हवेत थांबला. एका क्षणापुरता. काय लावावे आणि कुठे, जिथे सगळेच पिवळे आहे? वैशालीनेच तिचे मनगट धरून बोट आपल्या कपाळाला टेकवले आणि म्हणाली, "लाव गं. दिसली नाही तरी लागते."

मला तेव्हाच कळायला हवे होते. ती शेजारीण थांबली, कारण तिला दिसले होते. माझ्या खिशात सात पॉइंट चारचा कागद होता, म्हणून मला दिसले नाही. पुढचा रिपोर्ट नऊचा आला. त्याच्या पुढचा बारा पॉइंट तीन. त्यानंतर काढलेल्या पोटाच्या स्कॅनमध्ये यकृतावर ठिपके. डॉक्टर या वेळी कागद उलटा न करता म्हणाले की आता शस्त्रक्रिया नाही. घरी, आरामात, त्रास कमी कसा होईल ते पाहू. पाच या आकड्यासाठी मी आठ आठवडे जगलो होतो. परवा दुपारी जिना चढताना मला त्या आकड्याचे काय करावे तेच समजेना.

ती खिडकीशी होती. तिने रिपोर्ट विचारला नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, कारण खुर्चीवर बसलो असतो तर चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला असता. तिने माझ्याकडे पाहिले. नेहमीच्याच त्या वरवरच्या, न थांबणाऱ्या नजरेने. मग म्हणाली, "अहो, पाय पुढे करा."

"का?"

"मोज्यांचा वळ बघा केवढा उमटलाय. करा म्हणते ना."

मी पाय पुढे केला. तिने विजार गुडघ्यापर्यंत सरकवली आणि आपला पिवळा, हाडाळ अंगठा माझ्या नडगीवर ठेवून दाबला. मला वाटले नव्हते की तिच्यात एवढे बळ उरले असेल. तिने अंगठा काढला तेव्हा तिथे एक खळगा राहिला होता, ओल्या मातीत राहावा तसा, अंगठ्याच्या आकाराचा.

"पाणी धरलंय. तुमच्या बीपीच्या गोळीनंही होतं, पण अंदाज करत बसू नका. उद्या लघवी आणि किडनीची तपासणी करून घ्या." आणि मग, माझ्याकडे न पाहता, विजार खाली ओढत, "यापुढे असं दाबून स्वतःच बघायचं. आठवड्यातून एकदा. उजेडात. दोन्ही पाय. लक्षात राहील ना?"

मी मान हलवली. माझ्या आयुष्यात कुणी मला इतक्या साध्या शब्दांत सांगितले नव्हते की आता तुझ्याकडे पाहणारे कुणी असणार नाही.

आज सकाळी ती झोपली आहे. औषधाने आता ती बराच वेळ झोपते. झोपेत हात अजून दंडाकडे जातात. तिसऱ्या लादीवर ऊन आले होते, आणि त्यात पहिल्यांदा मी एकटा बसलो. मग तिच्या उशाशी पाय वर घेऊन बसलो, तिचा हात हलकेच उचलला, अंगठा माझ्या नडगीवर ठेवला आणि वरून माझ्या हाताने दाबला. तिला जाग आली नाही. अंगठा बाजूला केला, आणि मी मोजू लागलो. खळग्याची कडा दहाला सैल झाली, वीसला उथळ, तिसाला उरली ती नुसती सावली, आणि चाळिसाला नडगी पुन्हा सपाट झाली, जणू तिथे कुणी कधी हात लावलाच नव्हता. माझ्या कातडीला तिचा स्पर्श विसरायला चाळीस अंक पुरले. मला किती लागतील हे मोजायचे काम तिने माझ्यावर टाकले आहे, आणि जन्मात प्रथमच मला वाटते की ही मोजणी कधी संपू नये.